मागून येणाऱ्याची डहाळी

देवावर तुमची श्रद्धा आहे का, असं त्या काळी कोणी विचारलं असतं तर "आहे की थोडीफार" असं मी म्हणालो असतो. सणावारी पुरेल एवढी होती. खरी श्रद्धा होती ती माझ्या नकाशावर. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. महाडच्या एका कचेरीत मी कारकून होतो आणि सुट्टीला डोंगर चढायचो. गर्दीचे गड मला नको असत. नाव सांगितल्यावर समोरच्यानं "हे कुठं आलं?" असं विचारलं, की तो डोंगर माझा. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या दऱ्याखोऱ्यांचा एक नकाशा मी पारदर्शक कागदावर गिरवून घेतला होता आणि त्याची घडी छातीच्या खिशात, एखाद्या ताईतासारखी बाळगत होतो. वाट कोणाला विचारणं मला कमीपणाचं वाटे. आमच्या घरात ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे की मुलं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. पण मधला एक भाग मी दर वेळी हसण्यावारी नेतो. तो आज सरळ लिहितो.

माझे सासरे, नाना, नाते गावचे. बायको लहानपणी फार आजारी पडली होती तेव्हा तिच्या आईनं कुडपणच्या बाजूच्या एका डोंगरावरच्या देवीला ओटी बोलली होती. मुलगी बरी झाली, मोठी झाली, माझ्यासारख्याच्या पदरात पडली. पण ओटी राहिली आणि सासूबाई गेल्या. नानांना दमा होता. तरी एका नवरात्राच्या आधी त्यांनी विषय काढला, "ती गेली, म्हणून तिचा शब्द काय गेला नाय. मी चढनार." तिकडे तेव्हा गाडीरस्ता नव्हता. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी नेतो की." निघताना बायकोनं एवढंच सांगितलं, "अहो, नानांना जसं नेताय तसं परत आणा."

पायथ्याच्या वाडीवरून सकाळी चढ सुरू केला. पहिल्याच वळणावर दगडांचा एक ढीग होता, वर वाळलेला पाला. तिकडे अशी रीत होती की चढणाऱ्यानं हिरवी डहाळी मोडून त्या ढिगावर ठेवायची आणि मग पुढं जायचं. मूर्ती नाही, शेंदूर नाही. नानांनी डहाळी ठेवली, हात जोडले. मी घड्याळात बघत उभा.

"जावईबापू, तुमची?"

"नाना, पाला वाहून चढ कमी होतो का?"

"चढ नाय कमी व्हत. चढनाऱ्याची घमेंड व्हते," नाना म्हणाले आणि हसत पुढं झाले. मी डहाळी ठेवली नाही.

तास-दीड तासानं मी माझा पराक्रम केला. मळलेली वाट मोठा वळसा घेत होती आणि माझ्या नकाशात मात्र सरळ वर जाणारी डोंगराची एक सोंड दिसत होती. "इथून निम्मा वेळ," मी म्हणालो. नानांनी एकदा वाटेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जावयाचा मान राखला. सोंडेवरचं गवत कमरेइतकं, खाली निसरडं. आणि परतीच्या पावसाचं धुकं दरीतून असं वर आलं की हातातला नकाशा दिसेना, मग डोंगर कुठला दिसायला! कसेबसे एका खिंडीत पोचलो. तिथं दोन पायवाटा फुटत होत्या. नाना मटकन खाली बसले. छाती भात्यासारखी हलत होती, ओठ निळसर.

नानांच्या दम्याच्या गोळ्यांची पुडी काढायला मी पिशवीत हात घातला. दुर्बीण निघाली. होकायंत्र निघालं. दोन पेन्सिली निघाल्या. पुडी महाडला खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होती.

डावी वाट बघून येतो म्हणून मी वीसेक पावलं गेलो. पायाखालचा दगड सुटला आणि मी त्याच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. आवाज आलाच नाही. ती गुरांनी पाडलेली वाट कड्यावर संपत होती. मागं फिरून, दगड चाचपत नानांजवळ आलो. नाना बोलू शकत नव्हते, त्यांनी नुसता माझा हात धरला. आणि तेव्हा, जन्मात पहिल्यांदा, मी खरंच हात जोडले. पण मागायचं कसं ते माहीत नव्हतं. कारकुनाला येतं तेच तोंडून निघालं: माझी चूक मला कबूल आहे, जी काय शिक्षा असेल ती माझ्या नावावर व्हावी, यांना मात्र खाली सुखरूप पोचवावं, ही विनंती. याच वाक्याला मी दर वेळी घरात हशा पिकवतो. त्या दिवशी बोलताना मी रडत होतो.

मान खाली होती म्हणून दिसलं. नाना ज्या दगडांना टेकले होते तोही एक ढीगच होता. कुजक्या पाल्यावर उंबराच्या दोन हिरव्या डहाळ्या, शेजारी शेजारी. एकीच्या देठाला बोट लावलं, तर चीक अजून ओला होता. म्हणजे आम्ही पोचायच्या जरा आधीच कोणी इथून गेलं होतं. कोणालाही वाट न विचारणारा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ओऽऽ! कोणी आहे का?"

उजवीकडून, वरून आवाज आला, "कोन हाय रे?"

धुक्यातून एक म्हातारी उतरली. डोक्यावर टोपली, अनवाणी. पोलादपूरहून परतत होती. तिनं नानांकडे पाहिलं, टोपली माझ्या डोक्यावर ठेवली आणि नानांचा दंड धरला. "चला बाबा, दमानं. दोन पावलं चालायची नि उभं ऱ्हायाचं." मग माझ्याकडे वळून, "नि तू रे दादा, ह्या म्हाताऱ्याला गवतातनं आनलास? वाट व्हती ना धडधाकट?" मी टोपली सावरत मागं चाललो. तिचं घर पाव तासावर होतं. चुलीपाशी बसवून तिनं नानांना आलं घालून गुळाचा कोरा चहा पाजला, पाठ शेकली. दुपार कलताना नानांचा श्वास ठिकाणावर आला आणि त्यांनी दुसरा कप मागितला. तो कप मी कधी विसरणार नाही.

मी तिला विचारलं, "आजी, तुमच्याबरोबर दुसरं कोण होतं?"

"कोन नाय. एकलीच."

"मग डहाळ्या दोन कशा?"

"एक माजी नि एक मागनं येनाऱ्याची. सासूनं घालून दिल्याली रीत हाय. कदी मागच्याचा हात रिकामा नसतो, कदी त्याच्या ध्यानात नसतं."

"पण मागून कोण येणार, तुम्हाला कुठं माहीत असतं?"

ती लाकूड चुलीत सारत म्हणाली, "मला कशाला म्हाईत पायजे? वर डोंगरावं बसलीय तिला म्हाईत असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. म्हातारीच्या सोबतीनं आम्ही सावकाश देवीपाशी गेलो आणि सासूबाईंची ओटी भरली. नाना मुलीसाठी प्रसादाचं खोबरं, पदराला बांधावं तसं, पंच्याच्या टोकाला गाठ मारून घेऊन आले. उतरलो ते मळलेल्या वाटेनं, वळसा घेत. नाना पुढं, मी मागं, नकाशा पिशवीच्या तळाशी. पायथ्याच्या ढिगापाशी मी थांबलो आणि दोन डहाळ्या मोडून ठेवल्या. नाना बघत होते. आता काहीतरी टोमणा येणार म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "चला जावईबापू, पोरगी वाट बघत असेल."

नाना पुढं बरीच वर्षं जगले. म्हातारीला मी दोनदा भेटलो, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिचं घर बंद होतं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिनं माझ्या डोक्यावर टोपली दिली ती चांगलीच जड होती. पण मी हात जोडण्याआधीच माझ्या नावाची डहाळी तिथं ठेवलेली होती, आणि ठेवणारीला माझं नाव ठाऊक नव्हतं, एवढं खरं. तेव्हापासून मागताना माझी धांदल होत नाही. मी अजून डोंगर चढतो, पोट सांभाळत, वाट विचारत विचारत. असा ढीग दिसला की थांबतो. धाकटी विचारते, "बाबा, दुसरी कोणाची?"

मी सांगतो, "येईल गं कोणीतरी."