हंडीचा दम, इंजिनाचा दम

मला एक सांगा, जी गाडी चालवणार आहे तिला सोडून बाकी सगळ्यांनाच त्या गाडीच्या इंजिनातलं कळतं, असं तुम्हालाही वाटतं का?

आमच्या ताईच्या वेळी सगळ्यांना वाटत होतं. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, जुनी पेट्रोल गाडी तिनं मागून घेतली होती. एका धावपट्टीवर हौशी लोकांची सरळ रेषेतली शर्यत भरणार होती आणि ताईला तीत उतरायचं होतं, तेही नायट्रस बसवून. अण्णांनी गाडी दिली, पण एका अटीवर. शर्यत झाली की ती स्वतःच्या चाकांवर दारात आली पाहिजे. दोरी बांधून ओढत आणावी लागली, तर गाडी भंगारात आणि हा विषय कायमचा बंद.

नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. दातांचे डॉक्टर वापरतात तोच हसवणारा वायू. इंजिनात तो जादा ऑक्सिजन पुरवतो, म्हणजे जादा पेट्रोल जळतं आणि गाडी सुसाट सुटते. पण 'हसवणारा' हा शब्द कानावर पडल्यापासून आमच्या घरात कुणी सरळ तोंडानं बोलेनाच. आई विचारायची, "गाडी लई हसाय लागली तर थांबवायची कशी गं?" अण्णा गंभीर राहायला जायचे आणि चहा नाकातून यायचा. मी तर आठवडाभर विनाकारण खिदळत होते. आणि त्या वायूची बाटली तर अजून यायचीच होती.

अडलं होतं सिलिंडर हेडपाशी. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. हवा आत घ्यायच्या आणि जळका धूर बाहेर सोडायच्या वाटा त्यातच असतात. हर्सूलच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांनी आमच्यासाठी दोन हेड काढून ठेवली होती. एकाची आत घ्यायची वाट चांगली ऐसपैस. तिच्यातून अंगठा फिरवताना चाचा असे खुलायचे, जणू पोरीसाठी स्थळ दाखवतायत. दुसरं दिसायला गरीब. त्याची आत घ्यायची वाट साधीच, पण धुराची रुंद, तिचे व्हॉल्व्ह मोठे आणि हेडचं बूड जाड. ताईला दुसरं हवं होतं, चाचांना पहिलंच बसवायचं होतं.

मतभेदाला माझी हरकत नव्हती. हरकत वेगळीच होती. ताई ग्रीसनं माखलेल्या हातांनी समोर उभी असायची आणि चाचा बोलायचे अण्णांशी. "भाईसाब, बच्ची को समझाओ." ही बच्ची चिकलठाण्याच्या कारखान्यात इंजिनं तपासायची नोकरी करत होती. अण्णा दोन्ही हेडकडं आळीपाळीनं बघून मान हलवायचे. त्यांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण मान कुणी सोडतं का?

आता आमच्या घरची रीत सांगते. अण्णांची सगळी उमर कामगारांच्या लढ्यात गेली, त्यामुळं घरात पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. माझा 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. घरात वाद झाला तर आवाज चढवायचा नाही, पत्रक काढायचं, हा आमचा कायदा. भेंडीच्या भाजीविरुद्ध मी काढलेल्या पत्रकात आईनं दुसऱ्या दिवशी माझी पोळी आणि तीच भाजी गुंडाळून दिली होती.

तर मी पत्रक काढलं. 'चालवणारीचा शब्द अखेरचा!' असा मथळा, खाली रक्त उसळवणारे तीन परिच्छेद आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, 'या गाडीला दम हवा, दडपण नको!' ते गॅरेजच्या शटरला चिकटवलं आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिले.

चाचांनी चष्मा लावला. मराठी त्यांना वाचता यायचं, पण दमादमानं. मथळा गेला, परिच्छेद गेले, आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा चेहरा उजळला.

"अगे, मैं भी येइच तो बोल रा! दम होना इसको, दम! बडा हेड लगाव, फिर देखो कैसा दम भरती."

शेजारच्या टायरवाल्याला बोलावून त्यांनी ती ओळ त्याला दाखवली. छोटीही आपल्या बाजूची निघाली म्हणून सगळ्यांना चहा सांगितला. माझ्या पत्रकानं माझाच पक्ष आडवा केला होता. ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मला हसू आवरेना, आणि मग तिलाही.

तेवढ्यात चाचींनी बिर्याणीची हंडी आणली. झाकण कणकेनं लिंपलेलं, वर निखारे. मला कडकडून भूक लागली होती. मी हात पुढं केला तर चाचा ओरडले, "नक्को, नक्को. दम पे है."

ताईचं हसू थांबलं. ती हंडीजवळ उकिडवी बसली.

"चाचा, कणकेला जरा भोक पाडू?"

"पागल हुई क्या? भाप निकल गई तो गोश्त कैसा गलेगा?"

"मग ऐका. नायट्रस आपला दम बाटलीतून घेऊन येतो, त्याला आत यायला मोठं दार कशाला? पण तो आत जाळतो लई. तेवढा धूर बाहेर पडायला वाट नसली, की इंजिन ह्या हंडीसारखं दमावर बसलं. त्यातलं गोश्त म्हणजे माझा पिस्टन. तो शिजला, की अण्णांची दोरी."

चाचांनी हंडीकडं पाहिलं, मग टेबलावरच्या हेडकडं, मग परत हंडीकडं. आणि असे हसत सुटले की टायरच्या चळतीवर बसावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी अण्णांना ओलांडून प्रथमच थेट ताईला विचारलं, "बोल बेटी, धुएँ का रास्ता कित्ता बडा होना?"

मग ताई सांगत गेली आणि चाचा खडूनं खुणा करत गेले. अण्णा मान हलवत होतेच. बिर्याणी मात्र मी जवळजवळ एकटीनं संपवली.

शर्यतीत ताईचा नंबर कितवा आला ते मला विचारू नका. तिनं बटण दाबलं, गाडी खरंच खदाखदा हसल्यासारखी गरजली, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पल्याड पोचली होती आणि इंजिन चालू होतं. घरी येताना आम्ही दोघी गाडीत आणि मागं स्कूटरवर अण्णा, खांद्यावर दोरीचं वेटोळं. सगळा रस्ता आशेनं बघत होते की काय, देव जाणे. गाडी दारात आली, स्वतःच्या चाकांवर. आईनं अण्णांच्या खांद्यावरची दोरी काढून घेतली आणि अंगणात बांधली. आता तिच्यावर चादरी वाळतात.

तेव्हा हेही माझं एक पत्रकच समजा, आणि त्यातली मागणी एवढीच. उद्या एखादी मुलगी गॅरेजात आपल्या गाडीपाशी उभी दिसली, तर तिच्या बापाकडं बघू नका. तिलाच विचारा, कित्ता होना? आणि ती सांगेल तेवढी वाट मोकळी करा.