कपावरचा तळहात

बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत मी आणि मावशी घरोघर फिरत होतो. प्रत्येक घरी चहा! इतक्या चहाने माझी छाती धडधडू लागली, तरी माणसं दुखावतील म्हणून मी पीतच होतो.

एका घरी काकू किटली घेऊन आल्या, तेव्हा मावशीने कपावर तळहात ठेवला. "माझा आजचा चहा झाला."

"मग कॉफी टाकते!"

"नको."

"बरं, थंड? कोला मागवू?"

तळहात तसाच. मावशी हसली. "अगं, चहा काय, कॉफी काय, कोला काय, झोप उडवणारं जे असतं ते सगळ्यांत तेच. पाणी दे, आणि इथे बस माझ्याजवळ."

काकू बसल्या, खुलल्या, अर्धा तास बोलल्या. मी थक्क! ज्या आग्रहाला मी आयुष्यभर भीत आलो, त्याला एवढंच हवं होतं की पाहुण्याने लगेच उठू नये.

पुढच्या घरी मीही कपावर तळहात ठेवला. जवळ आलेल्या किटलीच्या वाफेने हात ओलसर झाला. किटली कलली, अडली आणि निमूट मागे वळली. वेढा उठवून फौज परत जाताना बघावी, तसा मी तिच्याकडे बघत राहिलो.