गोल्डक्रेस्टची तिहाई

आमच्या पक्षिनिरीक्षणाला एकच नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. दोघांनी पाहिला किंवा दोघांनी ऐकला, तरच तो पक्षी आपला. बायको याला 'जॉइंट अकाउंट' म्हणते. इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आल्यापासून दर वर्षी मे महिन्यात आम्ही कुठेतरी आठवडाभर कॉटेज घेतो, आणि परतताना गाडीत पक्ष्यांचा आकडा ठरतो. त्यावरून भांडणं पुष्कळ झाली, नियम मात्र टिकला.

या वर्षी फॉरेस्ट ऑफ डीनला गेलो होतो. सकाळी उंच फरच्या झाडांखाली ती थांबली आणि तिनं बोट वर केलं.

"गोल्डक्रेस्ट. ऐक."

मी ऐकलं. रॉबिन ऐकू आला, कबुतर आलं, लांबच्या रस्त्यावरची गाडीही आली. गोल्डक्रेस्ट हा इथला सर्वांत लहान पक्षी, वजनाला वीस पेन्सच्या नाण्याएवढा. आवाजही सुईच्या टोकासारखा. पूर्वी तो मी कितीदा तरी ऐकलेला आहे.

"कुठे?"

"अरे, डोक्यावरच. केव्हाचा गातोय. आला ना?"

हो म्हणणं सोपं होतं. तिचे कान चोख आहेत, पक्षी तिथे होताच. पण मग नियमाला अर्थ उरला नसता.

"नाही."

"मस्करी नको."

"खरंच नाही येत गं."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे स्वयंपाकघरातून हाका मारते, तेव्हाही?"

"काही येतात."

"मला वाटायचं, मुद्दाम ओ देत नाहीस."

"काही वेळा तेही असतं."

तिला हसू आलं नाही.

कुत्रा घेऊन एक म्हातारे गृहस्थ येत होते. आम्हाला वर बघताना पाहून त्यांनी काय आहे ते विचारलं. बायकोनं सांगितलं, आणि मला ऐकू येत नाही हेही सांगून टाकलं. त्यांनी कानामागचं मशीन दाखवलं. "बहुतेकांचा गोल्डक्रेस्टच आधी जातो," ते म्हणाले. "यानं माझे बरेचसे पक्षी परत आणले. तो नाही आला." आणि गुड मॉर्निंग म्हणून ते पुढे गेले.

आम्ही एका आडव्या ओंडक्यावर बसलो. मी मनात हिशोब मांडायला लागलो. याच्यानंतर बारीक आवाजाचा कोण? ट्रीक्रीपर. मग? आणखी काही वर्षांनी आम्ही दोघं एकाच झाडाखाली उभे असू, आणि सुट्टी मात्र तिच्या एकटीची असेल.

"पुरे," ती म्हणाली. "कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसलायस. घरी गेल्यावर कान तपासून घ्यायचे."

"घेतो."

"आणि आता हात दे इकडे."

लहानपणी पुण्यात ती तबला शिकली होती. तिनं माझा पंजा उलटा करून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि एका बोटानं तळव्यावर वाजवायला सुरुवात केली. बारीक, भराभर, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. शेवटी बोट एकदम घसरल्यासारखं झालं.

"ही त्याची तिहाई, तबल्यात शेवटी घेतात तशी," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी घेतो. मग थांबतो."

"त्याआधी तुकडा पाच वेळा होता."

"थांब, परत सुरू झाला."

या वेळी सहा वेळा आला. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "बरोबर. पक्कं मोजतोस."

"पण आकड्यात धरायचा कसा? मी ऐकला नाही."

"तुझ्या नियमात हाताबद्दल काही लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. नियम केला तेव्हा हे सुचलं नव्हतं, एवढंच.

"धरू," मी म्हणालो.

तिचं बोट तळव्यावर तसंच टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

"उडाला?"

"नाही रे. दम खातोय. हात काढू नकोस."

मी हात तसाच ठेवला.