एका शब्दापायी बुडालेली किमयेची पोथी

मंडळी, दुपारपासून पांझरेच्या काठाने वेड्यासारखा फिरतोय. पँट गुडघ्यापर्यंत भिजली आहे.

पाऱ्याचं सोनं करायच्या जुन्या पोथ्या मी जमवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. साक्रीजवळच्या एका गावात वारलेल्या वैद्यबुवांची हातानं लिहिलेली पोथी निघाली, भट्टीच्या आकृत्यांसकट! त्यांच्या सूनबाई, म्हणजे अक्कांनी, एका पानाचा फोटो पाठवला होता.

मी फोनवर म्हणालो, "अक्का, फार पवित्र पोथी आहे. रद्दीत देऊ नका, कुणाला दाखवू नका. येईन कधीतरी दर्शनाला." पवित्र कसली! दुसऱ्या कुणा संग्राहकाला सुगावा लागू नये आणि माझी हाव दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

आज जळगावहून पहिली एसटी पकडून पोचलो. अक्कांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, उंदीरस्नी कुरतडेल व्हती ना ती. पवित्र शे म्हनीसन आज सकायमा हळद-कुकू वाहीसन नदीमा सोडी दिन्ही."

फाटकी पोथी घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. माझ्या आईनेही हेच केलं असतं. मला कसं सुचलं नाही?

धुळ्याकडे नदीकाठी राहणाऱ्यांनो, लाल फडक्यातलं गाठोडं दिसलं तर उचला हो! शाई गेली असेल. तरी उचला.

निघताना अक्कांनी विचारलं, "बराबर करं ना भाऊ आम्हीन?"

मी हो म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?