तीन वाजता सुटणारा वर्ग

आमच्या कॉलेजात प्रवेश घटले की प्रसिद्धी समिती नेमली जाते. त्या वर्षी ती माझ्या गळ्यात आली. मी रसायनशास्त्र शिकवते. दूध तपासणीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र कोर्स माझ्याकडे आहे. बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पांच्या प्रयोगशाळांना माणसं लागतात, आजूबाजूच्या गावांत घरटी गाई आहेत, आणि माझ्या वर्गातल्या तीस बाकांवर सात मुलं बसलेली असायची. कोर्स बंद करायची भाषा सुरू झाली होती. त्यामुळे समिती नको म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या बैठकीला प्राचार्यांनी पुण्याहून एका जाहिरातवाल्याला बोलावलं होतं. पस्तिशीचा, सडपातळ, अतिशय नम्र माणूस. त्याने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली आणि तासभर ब्रँड या शब्दावर बोलला. कॉलेजचा ब्रँड, कोर्सचा ब्रँड, शिक्षकाचाही ब्रँड. शेवटी मी विचारलं, "गावात जाऊन लोकांना विचारायचं का, की ते का येत नाहीत?"

"तो दुसरा टप्पा, मॅडम," तो म्हणाला. "आधी दिसायला पाहिजे."

प्राचार्यांनी मान डोलावली. ते वाईट गृहस्थ नाहीत. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि आपल्या कारकिर्दीत एखादा वर्ग बंद पडला असं त्यांना नको होतं. पण त्यांच्या डोक्यात प्रसिद्धी म्हणजे फ्लेक्स. मग फ्लेक्स झाले. वर पाहुण्यांचे आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो, खाली कोर्सची नावं मुंगीच्या अक्षरांत, आणि मधोमध लॅपटॉपकडे बघून हसणारी एक गोरीपान, भुऱ्या केसांची मुलगी. मी म्हटलं, निदान आपल्या वर्गातली पोरं तरी घ्या, पांढरे कोट घालून किती छान दिसतात. तोवर छपाईला गेलं होतं.

इंदापूरच्या आठवडे बाजारात आम्ही टेम्पो सजवून उभा केला. भोंग्यावर रेकॉर्ड केलेला आवाज कोर्सची नावं सांगत होता. मी आणि माझ्या सहकारी बाई माहितीपत्रकं वाटत होतो. लोक ती घ्यायचे, उलटून बघायचे. दुपारपर्यंत एका वांगीवालीने आमच्या पत्रकांवर मिरच्यांचे वाटे मांडले होते. एका म्हाताऱ्या आबांनी फ्लेक्सजवळ उभं राहून बराच वेळ त्या मुलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही पोर कुणाची म्हनायची?"

"आबा, ती फक्त चित्रातली आहे."

"मग आपली कुणी शिकत न्हाय का तितं?"

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला: फोटो छान आलेत, गर्दी दिसतेय. गर्दी बाजाराची होती.

त्यानंतर मी कुणाला न विचारता सणसरला गेले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं ते सासर. तिने बचत गटाच्या बायकांना दुपारी शाळेच्या वर्गात जमवलं होतं. पंधरा-सोळा जणी आल्या. बहुतेक दहावी-बारावी झालेल्या, लग्नानंतर पुस्तक मिटलेल्या. एक तात्याही दारात खुर्ची टाकून बसले, कसली योजना आली ते बघायला. योजना नाही, कोर्स आहे असं कळल्यावर उठून गेले.

मी सोबत लॅक्टोमीटर आणि थोडं सामान नेलं होतं. एकीने घरून तांब्याभर दूध आणलं. मी नुसतं बोलत बसले नाही, दूध तपासून दाखवलं. थंड दुधात आकडा कसा बदलतो, न ढवळता नमुना घेतला तर फॅट कसं चुकतं, हे दाखवल्यावर मागच्या बाकावरची एक बाई उठून पुढे आली. तिशी ओलांडलेली, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे खोवलेला. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. आता चार जर्सी गाई आणि दीड एकर ऊस होता. बारावी सायन्स झालेली. तिने काचेची नळी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "म्हंजे आमच्या दुधाला फॅट कमी लागलं म्हनत्यात, ते आमाला हितंच बघता यील?"

"येईल की. आणि हेच काम कंपनीत पगारावर करता येईल."

"वर्ग किती ते किती?"

"अकरा ते पाच."

वर्गात एकदम कुजबुज झाली आणि तिने नळी खाली ठेवली. "मग न्हाय जमायचं, मॅडम. पाचला धार काढायची आसती. त्याच्या आधी वैरन. चारच्या आत घरात पाय पायजे." बाकीच्या माना हलवत होत्या. तेव्हा मला कळलं की टेम्पो, भोंगा आणि ती भुऱ्या केसांची मुलगी सगळं बाजूला ठेवलं तरी प्रश्न एवढाच होता. या बायका कॉलेजला नाही म्हणत नव्हत्या, दुपारच्या दोन तासांना म्हणत होत्या.

"तीनला सोडलं तर?" मी विचारलं.

"तीनला सोडलं तर मी उद्या येती," ती म्हणाली.

आणि मी म्हणून बसले, "सोडू. तीनला सोडू."

हे म्हणायचा मला काहीही अधिकार नव्हता. पण त्या क्षणी ते इतकं साधं वाटलं! मी वही काढली आणि अकरा जणींची नावं लिहून घेतली. तिने आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, पूर्ण, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. जाताना म्हणाली, "सासूबाईस्नी सांगती आजच. त्या दुपारचं बघतील."

मी त्या आठवड्यात वेळापत्रक तयार केलं. मधली सुट्टी कमी केली, दोन प्रात्यक्षिकं शनिवारी टाकली, एक तास मी स्वतः जास्तीचा घ्यायचं ठरवलं. सगळं बसत होतं. कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती, हे आता सांगायला लाज वाटते.

त्यांनी कागद नीट वाचला. "कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "पण एका वर्गाला तीनला सोडलं की उद्या सगळे मागतील. प्रयोगशाळेचा माणूस पाचपर्यंत ड्यूटीवर असतो, त्याने काय करायचं? वर कळवावं लागेल, मंजुरी घ्यावी लागेल."

"मग घेऊ या."

"यंदा वेळ गेली. आणि मॅडम, तुमच्याकडे प्रसिद्धी समिती आहे. समितीचं काम प्रसिद्धीचं. वेळापत्रकाची समिती वेगळी आहे."

मी वेळापत्रक समितीच्या सरांकडे गेले. त्यांनी प्राचार्यांचं लेखी मागितलं. प्राचार्यांनी त्याच वेळापत्रक समितीचा ठराव मागितला. समितीची बैठक दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा पाहुण्यांच्या स्वागतासाठी, एकदा नव्या फ्लेक्सचा मजकूर नक्की करायचा होता म्हणून. मी त्या बैठकीतही होते. मजकुरात 'महिला सक्षमीकरण' हे शब्द घालायचे की नाही यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. मी शेवटी आवाज चढवला. म्हटलं, अकरा बायका यायला तयार आहेत, त्यांना तीन वाजता घरी सोडा, शब्द राहू द्या. एक सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका." आणि चर्चा पुन्हा शब्दांवर आली. ते शब्द घालायचे ठरले.

प्रवेशाची मुदत संपली. सणसरहून माझ्या विद्यार्थिनीचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. काय सांगायचं ते सुचत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र स्कूटी काढली आणि गेले. ती उंच बाई गोठ्यात होती. वैरणीची पेंढी खाली ठेवून तिने मला बसायला बाज झाडून दिली. मी जे झालं ते सगळं सांगितलं, कुणाचंही नाव न घेता, पण आपली चूकही न लपवता. तिने ऐकून घेतलं. तिच्या सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आमी तर ठरवलं हुतं. म्या म्हनलं जा, मी हाय दुपारची."

"पुढच्या वर्षी नक्की करते," मी म्हटलं.

ती थोडी हसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मॅडम, तुमी आमचं ऐकून घेतलं, कुनी एवढं बी ऐकत न्हाय. पर लिहून कशाला घेतलं? बायका रोज इचारत हुत्या, कवा जायचं, कवा जायचं."

तिने चहा केला, मी तो प्यायले आणि निघाले. घरी येईपर्यंत सगळ्यांचा राग राग केला. प्राचार्यांचा, समित्यांचा, त्या नम्र जाहिरातवाल्याचा. स्वतःचा राग मात्र घरी पोचल्यावरच आला.

पुढचं वर्षभर मी हे एकच काम धरलं. अर्ज केले, स्मरणपत्रं लिहिली, बैठकीच्या इतिवृत्तात विषय नोंदवल्याशिवाय सही करायला नकार दिला. लोकांना माझा कंटाळा आला. वर्गात पाचच मुलं उरली तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. अकरा ते तीन, शनिवारी प्रात्यक्षिक. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की ही कल्पना त्यांच्या मनात फार दिवसांपासून होती. असू दे, म्हटलं.

मी मंजुरीचा कागद घेऊन सणसरला गेले. या वेळी कुणाचं नाव लिहून घेतलं नाही, थेट प्रवेश अर्ज नेले होते. अकरांतल्या पाच जणींनी भरले. एक बदली झालेल्या नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली होती, एकीला दिवस गेले होते, तिघींनी एमआयडीसीत पॅकिंगचं काम धरलं होतं. ती उंच बाई आली नाही. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ओसरीवरची ती म्हातारी आता आतल्या खोलीत पडून होती आणि तिचं दुपारचं जेवण, औषध, कूस बदलणं सुनेकडे होतं.

"मागल्या साली जमलं असतं," ती एवढंच म्हणाली. मग आत जाऊन धाकट्या जावेला घेऊन आली. "हिला घ्या. हिची बारावी हाय. गाईंचं मी बघती."

जाऊ लाजत होती. अर्ज तिनेच, थोरलीनेच, भरून दिला.

त्या पाच आणि ही जाऊ, अशा सहांतल्या तिघी पास झाल्या. धाकटी जाऊ आता एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळच्या पाळीला नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जाते, दुपारी परत येते. यंदा माझ्या वर्गात एकोणीस जण आहेत, त्यांतल्या बारा बायका. कोर्स बंद करायची भाषा आता कुणी करत नाही. लोक याला यश म्हणतात आणि मीही नाही म्हणत नाही.

पण दर जूनमध्ये मी सणसरला जाते, तेव्हा त्या घरी थांबते. मागच्या खेपेला ती सासूला भरवत होती. मी दारातूनच विचारलं, "यंदा?"

तिने चमचा ताटलीत ठेवला, म्हातारीचं तोंड पुसलं. "यंदा न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "बसा की. चहा टाकती."