दादाची लाल टर्बो आणि माझं मूल्यमापन

आमच्या घराण्यात गाड्यांची किंमत फक्त मला कळते, असा एक समज होता. तो समज मीच पसरवला होता.

मी अंधेरीतल्या एका बँकेत कारकून आहे. स्वतःची स्कूटरसुद्धा मी थोरल्या भावाला विचारून घेतली. पण रोज जेवताना मोबाईलवर जुन्या वेगवान गाड्यांचे व्हिडिओ बघतो. टर्बो, टॉर्क, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सगळं तोंडात बसलंय. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात एवढं पुरतं. (माशांबद्दल कोणी अशी फेकाफेक केली असती, तर गल्लीतल्या बायकांनी त्याला उभा सोलला असता!)

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चैत्रात गेला. धक्क्यावर बर्फ उतरवताना छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं. मागे राहिली वहिनी, इंजिन कायमचं बंद पडलेली बोट आणि एक लाल गाडी. दादाला दारूचं व्यसन नव्हतं, या गाडीचं होतं. दोनशे घोड्यांची जर्मन टर्बो, एका सिरियलवाल्याकडून सेकंडहँड घेतलेली. कोळीवाड्याच्या गल्लीत ती कधी दहाच्या वर गेली नाही, कारण पुढे कोंबड्या चालायच्या! पण दर रविवारी पहाटे दादा तिला आरे कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यांवर पळवून आणायचा आणि मग दिवसभर उगाच हसत असायचा.

नारळी पौर्णिमेला बोटी दर्यात निघतात. तोवर नवं इंजिन बसलं नाही, तर आमची बोट दुसऱ्याला द्यावी लागणार होती. बोट गेली की वहिनीनं उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटीवरचे मासे विकत घेऊन बाजारात बसायचं. इंजिन आणि जाळी मिळून खर्च दहा लाख. तेराव्यानंतर वहिनी चारचौघांत म्हणाली, "भाऊजी, गाडी विका. तुमाला त्यातलं कळतं."

चारचौघांत म्हणाली! आता नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्याच दिवशी पास्कल आला. हा दादाचा दोस्त, गॅरेजवाला. ती गाडी वर्षानुवर्षं तोच उघडत होता.

"अकरा देतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी, सगळे."

मी हसलो. "पास्कल, सतरा. खाली एक रुपया नाही."

वहिनीनं माझी बाही ओढली. "भाऊजी, पहिलं गिऱ्हाईक हाय. भवानी हाय ती. परत नाय पाठवायची."

"वहिनी, हा काय बोंबलाचा वाटा आहे? ही परफॉर्मन्स कार आहे!"

पास्कल गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसरीच गाडी घेतली.

सतरा हा आकडा मी शास्त्रोक्त काढला होता. नेटवरच्या सगळ्यात महाग तीन जाहिराती घेतल्या आणि सरासरी काढली. (लोक मागतात किती आणि त्यांना मिळतात किती, या फरकावरच वहिनीचं रोज पोट भरतं. पण तिला विचारणार कोण?) मग मी जाहिरात टाकली: 'अपघात नाही, रंग मूळचा.' हे टाईप करताना बोट जरा अडखळलं. का, ते पुढे येईलच.

आठ दिवसांत एका एजंटच्या पानावर सेम मॉडेल दिसलं, लालच, साडेसतराला. बाजार चढतोय! मी अठरा केले. चार दिवसांनी ते साडेअठरावर गेलं. मी एकोणीस केले आणि वहिनीला अभिमानानं मोबाईल दाखवला.

वहिनीनं फोटो जवळ धरला, लांब धरला. "भाऊजी, हे मागं वाळतंय ना, ते लुगडं माझं हाय."

एजंटनं माझेच फोटो उचलून वर आपलं कमिशन चढवलं होतं. म्हणजे इतके दिवस मी आमच्याच गाडीशी स्पर्धा करत होतो, आणि हरत होतो!

तोवर जून लागला. खाऱ्या वाऱ्यानं गाडीला खालून गंज धरायला सुरुवात केली. बघायला माणसं येत. बोरीवलीचं एक कुटुंब 'जरा चालवून बघतो' म्हणून पाचजण बसून गेलं, हायवेवर आइस्क्रीम खाऊन दीड तासानं परत आलं आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणालं. अख्खं घर तर गाडीतच होतं, आता घरी विचारणार कोणाला? मी पंधरावर आलो, मग तेरावर. फोन येणं बंद झालं. शेजारच्या बोटींना नवे रंग लागायला लागले. वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. रोज सकाळी टोपली घेऊन निघताना आमच्या बोटीपाशी क्षणभर उभी राहायची, एवढंच. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी मुलुंडहून एक मॅडम आल्या. दातांच्या डॉक्टर, पण रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या पळवतात. मी टॉर्कबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी ऐकलंच नाही. सरळ ओल्या जमिनीवर पालथ्या झाल्या, बॅटरी मारून खालचा गंज बघितला, टायर चाचपले, इंजिनात नाक घातलं.

वहिनी माझ्या कानाशी लागली. "हिला कळतं. आधी कल्ले बघते."

मग मॅडमनी पर्समधून काडेपेटीएवढं एक मशीन काढलं. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे, ते सांगतं.

"बॉनेट एकशे दहा. छान. डिकी एकशे पंधरा. डावीकडचं मागचं दार…" त्या थांबल्या. परत टेकवलं. "नऊशे. इथे फिलिंग केलंय कोणीतरी!"

आता सांगणं भाग आहे. दोन वर्षांपूर्वी 'साहेबांना एअरपोर्टला सोडायचंय' म्हणून मी दादाकडून गाडी नेली होती. साहेब वगैरे कोणी नव्हतं. मी आरेत गेलो, दोनशे घोडे एकदम सोडले आणि समोर एक म्हैस आली. म्हैस वाचली. बसस्टॉपचा खांब वाचला नाही. वाकोल्याच्या एका डेंटिंगवाल्यानं दोन दिवसांत दारात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ते सपाट केलं आणि वर लाल रंग मारला. दादाला मी सांगितलं की साहेबांचं विमान लेट झालं. दोन दिवस!

त्यानंतर मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. शिमग्याला गेलो नाही, त्याच्या वाढदिवसाला गेलो नाही. ऑफिसचं काम, पोटाचं दुखणं, काहीही सांगायचो.

"जाहिरातीत तर 'अपघात नाही' लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. "झालाय की. आरेत. या भाऊजींनी ठोकलेली."

"तुला… तुला कसं माहीत?"

"त्यांना त्याच दिवशी कळलं. दार लावलं नि म्हणाले, आवाज बदलला हिचा. पास्कलनी खोलून दाखवलं. मी म्हटलं, विचारा भाऊजींना. म्हणाले, नको, लाजंल तो. येईल तवा आपणहून सांगंल." ती पदराशी चाळा करत राहिली. "वाट बघायचे तुमची. रविवारी चावी काढून ठेवायचे, म्हणायचे, आज येईल, त्यालाच चालवायला देतो. तुमी येणंच सोडलं."

मी तिथेच चिखलात फतकल मारून बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. दादा गेला त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. एका दारासाठी मी दोन वर्षं घालवली होती, आणि त्याच्याकडे तेवढीच होती.

मॅडम बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं, भाव पडला म्हणून रडतोय. "अहो, असं काय करताय? दाराचे मी फक्त दोन लाख कापतेय! आठ देते!"

वहिनीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "नऊ बोला." चार मिनिटांत साडेआठला सौदा झाला. मला जे दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते!

पास्कलनं अकरा सांगितले ते दाराचं ठाऊक असूनच, हे मला नंतर उमगलं. दोस्ताची गाडी म्हणून त्यानं दाराचे पैसेच कापले नव्हते. कमी पडलेले दीड लाख मी प्रॉव्हिडंट फंडातून काढले. यात माझा मोठेपणा काही नाही. नारळी पौर्णिमेला बोट निघाली तेव्हा वहिनी धक्क्यावर उभी होती. मी जरा मागे उभा होतो.

बँकेत मात्र माझा लौकिक अजून कायम आहे. कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. मी गाडीभोवती गंभीर चेहऱ्यानं एक फेरी मारतो, टर्बो आणि टॉर्कचं नावही काढत नाही. फक्त एकच प्रश्न विचारतो, "मालकाला धाकटा भाऊ आहे का?"

असेल तर दोन लाख कमी करायला सांगतो.