सगळे आल्याशिवाय फाइल मिळणार नाही

तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडू न देणं ही जर कला मानली, तर त्या कलेत आमच्या पेंटरमामूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. कामात चालढकल करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. मी स्वतः त्यांच्यातलाच. पण काम वेळेच्या आधी संपवायचं, ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर उघडं ठेवायचं आणि मग हसून "देत न्हाई" म्हणायचं, हे फक्त मामूंना जमतं. मामू लातुरात खेळाच्या संघांचे लोगो करतात, म्हणजे बनियनच्या छातीवर जे चित्र असतं ते. लोह्यापासून उदगीरपर्यंतचे संघ त्यांच्याकडे हौसेने येतात आणि डोकं धरून परत जातात. मी मूळचा लोह्याचा. एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लातुरात आलो आणि त्यांच्याच गल्लीत खोली मिळाल्यामुळे त्यांच्या तावडीत सापडलो. ते माझे कुणी लागत नाहीत. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणते, पण ते कुणाचेच मामा नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं दुकान आठ बाय दहाचं, वर पत्रा. कोचिंगचा जमाना आला तशी गल्लीत स्लॅबची, काचेच्या दारांची दुकानं झाली. जागामालकाने त्यांनाही तसला एक गाळा देऊ केला. मामूंनी आत न जाता नुसतं वर पाहिलं, म्हणाले, "पत्रा बरा हाय. पडला तर आवाज करून पडतो," आणि परत येऊन कामाला लागले. त्या पत्र्याखालीसुद्धा ते आत बसत नाहीत. कॉम्प्युटर ऐन दारात, खुर्चीचे मागचे दोन पाय दुकानात आणि पुढचे दोन रस्त्यावर. मग ऊन पडद्यावर येतं आणि काही दिसत नाही, म्हणून डोक्यावरून पडद्यापर्यंत एक काळं फडकं पांघरायचं. गिऱ्हाइकाला मामूंशी बोलायचं तर त्या फडक्याशी बोलावं लागतं. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस दहा मिनिटं त्या फडक्याला दमदाटी करत होता आणि मामू समोरच्या टपरीवर उभे राहून चहा पीत ती मन लावून ऐकत होते.

मूळचे ते बोर्ड रंगवणारे. फ्लेक्स आलं, ब्रश उपाशी मरायला लागला, तेव्हा चाळिशीच्या तोंडावर मामू शाळकरी पोरांच्या बाकावर बसून फोटो आणि चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर शिकले. पण अंगातला पेंटर गेला नाही. आजही कानावर ब्रश असतो आणि काम संपलं की ते माऊस टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून ठेवतात. आतापर्यंत तीन माऊस त्या स्वच्छतेपायी वारले. सॉफ्टवेअरमधलं त्यांचं सगळ्यात लाडकं बटण म्हणजे केलेलं परत फिरवायचं. काही कारण नसताना ते दाबत बसतात. रंग जातो, रेघ जाते, चित्र कोरं होत होत मागे जातं. "लई भारी सोय हाय सर," मला एकदा म्हणाले, "वीस पावलं मागं जाता येतं." मग थोड्या वेळाने, "त्याच्या मागं न्हाई."

लोगो कसला करायचा हे गिऱ्हाइकाने सांगायचं नसतं, हा पहिला नियम. प्रत्येक संघाला वाघ पाहिजे असतो. मामू सगळ्यांना रांगेत उभं करतात आणि विचारतात, "ह्यातला वाघ कोण हाय, त्यानं फुडं यावं." कुणी येत नाही. उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांच्या रस्सीखेचीच्या संघाला सिंह हवा होता. मामू अर्धा दिवस मोंढ्यात बसून त्यांना पोती उचलताना पाहून आले आणि त्यांनी काढला मुंगळा, आपल्या चौपट दाणा ओढणारा. हमाल आधी खवळले. मग तो मुंगळा छातीवर लावून ओढायला लागले, आणि आता मोंढ्यात त्यांना कुणी मुंगळे म्हणालं नाही तर खवळतात.

दुसरा नियम दुकानात ब्रशने रंगवलेल्या एकुलत्या एका पाटीवर आहे : सगळे आल्याशिवाय फाइल मिळणार नाही. संघात जितके खेळाडू, तितके सगळे दुकानात हजर पाहिजेत. कप्तान चालत नाही, मॅनेजर चालत नाही. मामू एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने मोजतात आणि आकडा पुरा झाला तरच पेन ड्राइव्ह देतात. शिरूर अनंतपाळच्या क्रिकेट संघातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्याला खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. त्याच संघातला दुसरा हळदीच्या अंगाने आला, सोबत राखण म्हणून त्याची करवली. मामूंनी चुकून करवलीच्याही खांद्याकडे हात नेला आणि "बारा कसे?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. लोक म्हणायचे, चक्रम आहे. मीही म्हणायचो. शिकलेल्या माणसाला चक्रम म्हणायला फार विचार करावा लागत नाही.

मग आमच्या क्लासची पाळी आली. शेजारच्या एका हॉस्टेलात आदल्या वर्षी एका पोराने स्वतःचं जे करून घेतलं होतं, ते गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण पालक फोनवर विचारायला लागले की तुमच्याकडे पोरांना विरंगुळा आहे का. तेव्हा आमच्या संचालकांनी एक दिवसाचा विरंगुळा जाहीर केला, कबड्डीचा. रविवारी सामना, त्याचे फोटो सोमवारी जाहिरातीत. लोगोत त्यांना एक कबड्डीपटू, एक पुस्तक, एक स्टेथोस्कोप, एक मशाल आणि क्लासचा फोन नंबर हवा होता. जबाबदारी माझ्यावर, कारण हॉस्टेलच्या हजेरीवर सही माझी असायची. मामू दोन संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून पोरं बघून गेले. त्यांनी काढली फक्त एक आडवी रेघ आणि तिच्याकडे ताणलेला एक हात, बोटं रेघेला लागतायत न लागतायत एवढीच. मी म्हटलं, बाकीचं कुठंय? मामू म्हणाले, "पकडलेल्या गड्याला दुसरं काय दिसतं सर? रेघच दिसती. तिला बोट लागलं की सुटला."

शनिवारी दोन परीक्षांच्या मधल्या सुट्टीत मी पोरं घेऊन दुकानात गेलो. मामूंनी खांदे मोजले. सहा. सातवा देगलूरचा, किराणा दुकानदाराचा मुलगा. मी सांगितलं, तो गावी गेलाय. "कोण म्हणलं?" मी म्हटलं, रजिस्टरमध्ये त्याने तसं लिहिलंय. मामू काळ्या फडक्यात परत गेले. संचालकांचे फोन सुरू झाले होते. तेव्हा मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो : हॉस्टेलवर जाऊन त्याच चणीचा दुसरा मुलगा आणला आणि रांगेत उभा केला. मामूंनी सहा खांदे मोजले आणि सातव्यापाशी थांबले. "ह्याचे गुडघे दुसरे हायेत," ते म्हणाले. मी चिडलो. म्हणालो, मामू, तुम्हाला लोगो द्यायचाय का पोरगी द्यायचीय? पोरं हसली. मामू हसले नाहीत. "सर, रजिस्टर ऱ्हाऊ द्या. तुम्ही त्याचा आवाज कधी ऐकला?"

मला आठवेना. गुरुवारी रिझल्ट लागून त्याला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं, ते आठवलं, कारण त्या यादीवरही सही माझीच होती. त्यांच्यासमोर फोन लावला. देगलूरहून त्याचे वडील आनंदाने बोलले, "नमस्कार सर! आमचा लेक तिकडंच हाय की, तुमच्यापाशी. परवा बोलला, परीक्षा हाय म्हणला. अभ्यास करायलाय नव्हं?" पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात. मामूंसमोर मी ते शब्द कधी उच्चारत नाही, पण त्या क्षणी दुसरं काही झालं नाही. सहांमधला एक जण हळूच म्हणाला, "सर, तो गुरुवारी उदगीरच्या एस्टीत बसला. मला वाटलं, तिथून घरी जाईल."

मामूंनी कॉम्प्युटर बंद केला नाही, नुसतं फडकं टाकलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. मी म्हटलं, आधी उदगीरचा एस्टी स्टँड बघू. "स्टँडवर माणूस गाडीसाठी बसतो," मामू म्हणाले. "कुठंच जायचं नसलेला माणूस रेल्वे ठेसनात बसतो." तुम्हाला काय माहीत, मी विचारलं. "मी बसलेलो हाय."

नळेगावच्या पुढे, दुपारच्या उन्हात, त्यांनी ते माझ्या मानेमागून सांगितलं. अर्धं वारा घेऊन गेला, पण जे राहिलं ते पुरेसं होतं. किल्लारीच्या अंगाला त्यांचं गाव. एकोणीस वर्षांचे होते, गावच्या कबड्डी संघात. पोरांनी सात बनियन घेतले आणि छातीवर चित्र काढायला ह्यांना रंगासाठी लातूरला धाडलं. संघ पळून निसटण्यात पटाईत, म्हणून ह्यांनी ससा काढला. "सांजंला परत जाणार व्हतो सर. सातव्या बनियनचा रंग वाळला न्हाई, म्हणून मुक्काम केला." पहाटे भूकंप झाला. सकाळी हे सातही बनियन घेऊन गावात गेले. "एक माझं. सहा द्यायचे व्हते. घ्यायला कुणीच न्हाई. घरचं तर मी सांगतच न्हाई." माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता आणि तो मोजणाराच हात आहे असं मला सारखं वाटत होतं.

उदगीरच्या रेल्वे स्टेशनात मुलगा फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर होता. क्लासचाच शर्ट, मांडीवर दप्तर. दोन दिवस तिथेच. एक चहावाला त्याला बिस्किटं देत होता, पण कुणाचा कोण हे त्यालाही विचारवलं नव्हतं. घरी जाववेना आणि परत येववेना, असा तो मधल्या स्टेशनात अडकला होता. मी पुढे होऊन काय बोलणार होतो देव जाणे, बहुधा बॅचबद्दलच काहीतरी. मामूंनी मला मागे सारलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सात." मुलगा वर बघेना. मामू तसेच उभे. मग म्हणाले, "चल बाबा, तुझ्यापायी फाइल खोळंबलीय. सहा जणं थांबलेत." तेव्हा तो रडायला लागला. मीही रडलो, आणि त्या दोघांकडे पाठ करून वेळापत्रक वाचण्याचं सोंग केलं.

संध्याकाळी देगलूरहून त्याचे वडील थेट दुकानावर आले. माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही होता म्हणून." मामूंनी सातही खांदे पुन्हा मोजले आणि पेन ड्राइव्ह त्या मुलाच्या हातात दिला. त्याने तो कप्तानाला दिला आणि वडिलांबरोबर गेला, तो परत क्लासला आला नाही. रविवारी सहाच जण खेळले आणि वाईट हरले. संचालकांनी लोगो पाहून फोन नंबर कुठंय एवढंच विचारलं. मी अजून त्याच क्लासात आहे. मोठा बाणेदार वगैरे झालो नाही. फक्त हजेरी घ्यायला रजिस्टर नेत नाही. रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या खोल्या फिरतो आणि खांद्यावर हात ठेवून मोजतो. पोरं मला चक्रम म्हणतात.

परवा मामूंकडे बसलो होतो. ते आत स्टूल शोधत होते, म्हणून मी सहज फडक्यात डोकं घातलं. पडद्यावर ससा होता. जुन्या बनियनवरून उतरवून घेतलेला, कान मागे टाकून पळणारा, एकेक केस निगुतीने घातलेला. मी म्हटलं, मामू, हे तर पुरं झालंय! आता छापून घ्या. तुमच्या नव्या वसवलेल्या गावात पोरं कबड्डी खेळतात, त्यांना होईल. मामू स्टूल घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे जरा नवलानेच बघायला लागले, पाटी मला वाचता येत नसावी तसं.

"झालंय की. कवाच झालंय," ते म्हणाले. "सहा जणं यायचे हायेत सर."

मग त्यांनी ते स्टूल दारात न ठेवता भिंतीकडे सरकवलं, येणाऱ्यांना वाट असावी म्हणून.